कंपाआधीची पावले

मराठीत ‘कंपवात’ हा शब्द इतका रुळला आहे की, पार्किन्सन्सचा आजार म्हणजे हात कापण्याचा आजार असेच बहुतेक घरांत मानले जाते आणि हात कापू लागत नाही तोवर या आजाराची शंकाही कोणाला येत नाही. वस्तुतः सुमारे पाचांपैकी एका रुग्णात आजार ओळखला जातो त्या वेळी कंप नसतो, आणि काहींमध्ये तो पुढेही कधी ठळक होत नाही. याउलट ज्या लक्षणावाचून हे निदान करताच येत नाही ते लक्षण म्हणजे हालचालींचा मंदपणा होय, आणि रूढ नावात नेमका त्याचाच उल्लेख नाही. नावाने सगळे लक्ष एका लक्षणाकडे वळवले आणि उरलेल्या लक्षणांवरून काढून घेतले. त्यामुळे आजार सुरू होणे आणि त्याला नाव मिळणे यांत कित्येकदा काही वर्षे जातात. इंदूर–उज्जैन मार्गावरील सांवेरसारख्या तालुक्याच्या गावी, जिथून मेंदूविकारतज्ज्ञाला गाठण्यासाठी सुमारे ३० किलोमीटरवरचे इंदूर गाठावे लागते, तिथे ही वर्षे अधिकच वाढतात, कारण एवढा प्रवास करण्याइतके काही घडले आहे असे घरच्यांना वाटतच नाही.

कंपाची नोंद भारतीय वैद्यकात जुनी आहे. माधवनिदानात वातविकारांमध्ये ‘वेपथु’ या नावाने सर्वांगाच्या आणि मस्तकाच्या कंपाचे वर्णन येते. आधुनिक वैद्यकात या आजाराचे स्वतंत्र चित्र रेखाटले ते लंडनमधील जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली, एका छोट्या निबंधात, अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे. आणि त्या सहांपैकी काही जण त्याने रस्त्याने जाताना पाहिलेले होते, एकाला तर केवळ दुरून. यातली महत्त्वाची गोष्ट ही की, हा आजार मुळात रस्त्यावर, चालण्यावरून आणि उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखला गेला. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नव्हते. पुढे पॅरिसमध्ये झाँ-मार्तँ शार्को याने कंप, ताठरता आणि मंदपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून दाखवल्या, या रुग्णांत खरा पक्षाघात नसतो आणि कंपही प्रत्येकात नसतो हे स्पष्ट केले, म्हणून ‘कंपयुक्त पक्षाघात’ हे जुने नाव नाकारले आणि आजाराला पार्किन्सनचे नाव द्यावे असे सुचवले. मराठीत मात्र नावाच्या पातळीवर ही दुरुस्ती अद्याप झालेली नाही.

मंदपणा का येतो हे समजण्यासाठी मेंदूच्या खोलवरच्या एका लहानशा भागाकडे पाहावे लागते. मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागात, दोन्ही बाजूंना पेशींचा एक काळपट पट्टा असतो; त्याच्या रंगावरूनच त्याला लॅटिनमध्ये ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’, म्हणजे काळा पदार्थ, असे म्हणतात. येथील पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात आणि लांब तंतूंद्वारे ते मेंदूतील हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांकडे पोहोचवतात. हालचाल करण्याचा हुकूम डोपामीन देत नाही. सुरू झालेली हालचाल पुरेशा वेगाने, पुरेशा मोठ्या आवाक्याने आणि मुद्दाम विचार न करता होत राहावी, यासाठी ते आवश्यक असते. म्हणून ते कमी झाले की हात लुळा पडत नाही, पण त्याची प्रत्येक हालचाल लहान आणि संथ होते, आणि जी कामे पूर्वी नकळत होत असत ती लक्ष देऊन करावी लागतात. या पेशींमध्ये अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाचे गोळे साचतात; ज्या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ते पहिल्यांदा वर्णिले, त्याच्या नावावरून त्यांना ल्यूई पिंड म्हणतात. हालचालींतील बिघाड डोळ्यांना दिसू लागतो तोवर या भागातील पेशींचा मोठा हिस्सा आणि तेथून मिळणाऱ्या डोपामीनचा निम्म्याहून अधिक वाटा नाहीसा झालेला असतो, असे मानले जाते. याचा अर्थ असा की, पहिले दिसणारे लक्षण हे आजाराच्या वाटचालीतले पहिले पाऊल नसते.

आधीची पावले कोणती, याचा शोध गेल्या काही दशकांत लागू लागला आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक याने २००३ मध्ये असे मांडले की, हा बिघाड बहुधा काळ्या पट्ट्यात सुरू होतच नाही. तो आधी गंधाशी संबंधित भागात आणि आतड्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मज्जाकेंद्रात दिसतो आणि तेथून वर चढत जातो. प्रत्येक रुग्णात असाच क्रम आढळतो असे नाही, आणि या मांडणीवर वादही आहेत. तरी रुग्णांच्या पूर्वेतिहासाशी ती पुष्कळ जुळते. हिंगाची फोडणी बसली तरी वास न येणे, करपलेले दूध शेजाऱ्यांच्या आधी न कळणे, जेवण बेचव लागणे, या गोष्टी हाताच्या मंदपणाआधी काही वर्षे सुरू झालेल्या असतात. पण वास जाणे ही तक्रार घेऊन माणूस वैद्याकडे क्वचितच जातो, आणि गेला तरी सर्दीवर बोट ठेवले जाते. बद्धकोष्ठाचेही तसेच आहे. ते इतके सर्वसामान्य आहे की एकट्याने त्याला काहीच अर्थ नाही, परंतु ज्याचे पोट आयुष्यभर नियमित होते त्याला पन्नाशीनंतर चिवट बद्धकोष्ठ जडले आणि त्याच्या जोडीला गंध गेला, तर या दोन्हींची एकत्र नोंद व्हायला हवी.

या पूर्वखुणांपैकी सर्वांत बोलकी खूण झोपेत आढळते आणि ती रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते. झोपेच्या एका अवस्थेत डोळ्यांची बुबुळे बंद पापण्यांखाली वेगाने फिरतात; स्वप्ने मुख्यत्वे याच अवस्थेत पडतात, आणि निरोगी माणसाचे स्नायू त्या वेळी जणू कुलूपबंद असतात, त्यामुळे स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात स्थिर पडून राहतो. हे कुलूप बिघडले की माणूस स्वप्नातली कृती प्रत्यक्षात करू लागतो: ओरडतो, शिव्या देतो, लाथ मारतो, शेजारी झोपलेल्यावर हात उगारतो, पलंगावरून खाली पडतो. सकाळी त्याला विचारले तर कोणीतरी पाठलाग करत होते किंवा अंगावर जनावर आले होते एवढेच तो सांगतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील केंद्रांच्या संयुक्त पाहणीत निद्राचाचणीने या विकाराची खात्री झालेल्या १,२८० जणांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा १२ वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांमध्ये पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा एखादा मेंदूविकार उद्भवल्याचे दिसले. म्हणून रात्रीच्या या झटापटीला बाहेरची बाधा, मनावरचा ताण किंवा ‘उशीखाली सुरी ठेवा’ अशा उपायांवर सोडून देणे हे फार मोठी सूचना वाया घालवणे होय. ही माहिती वैद्याला देऊ शकेल अशी व्यक्ती एकच असते, शेजारी झोपणारी. आणि आपल्याकडे नवऱ्याच्या अशा वागण्याविषयी परक्यासमोर बोलायला बायका संकोचतात.

शरीराच्या हालचालींत आजार उतरतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी एका बाजूने सुरू होतो, आणि ही एकांगी सुरुवात हीच त्याची सर्वांत विश्वासार्ह ओळख आहे. म्हातारपणाचा मंदपणा दोन्ही बाजूंना सारखा येतो. पार्किन्सन्सचा मंदपणा आधी एका हाताला किंवा एका पायाला धरतो आणि दुसऱ्या बाजूला पोहोचल्यावरही पहिली बाजूच अधिक बाधित राहते. चालताना दोन्ही हात आपोआप हेलकावे घेत असतात, त्यांतला एक थांबतो आणि कोपरात किंचित वाकून अंगाशी राहतो. एका पायाची चप्पल घासली जाते, एकाच पायातली सपाता वारंवार निसटते. शर्टाची बटणे लावताना, दात घासताना, अंगाला साबण लावताना, कणीक मळताना, पोळी लाटताना, पातेल्यात डाव फिरवताना म्हणजे जिथे तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करायची असते तिथे सुरुवात ठीक होते, पण काही आवर्तनांनंतर हात आखडतो आणि हालचाल लहान लहान होत जाते. नऊवारी वा पाचवारी साडीच्या निऱ्या घालायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागू लागला तर त्याचे कारण नेहमी सांधेच असतात असे नाही. खांद्याचे दुखणे हा तर पुष्कळांच्या बाबतीत पहिला मुखवटा ठरतो: खांदा आखडतो, ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणून शेक, मालिश, व्यायाम, इंजेक्शने होतात, आणि वर्षभराने त्याच हाताची बोटे मंद झाल्यावर खांद्याच्या मागे उभा असलेला खरा आजार दिसतो.

हस्ताक्षर हा या आजाराचा लिखित पुरावा होय. देवनागरीत शिरोरेषेमुळे तो अधिकच स्पष्ट होतो, कारण ओळीच्या सुरुवातीला अक्षर नेहमीच्या उंचीचे असते आणि शेवटाकडे शिरोरेषेखाली ते दबत दबत बारीक होत जाते. निवृत्तिवेतनधारकांची सही बँकेतील नमुन्याशी जुळेनाशी होते आणि त्यांना ती पुन्हा पुन्हा करायला सांगितली जाते. त्या खिडकीवर उभ्या असलेल्या कोणालाही हे ठाऊक नसते की समोर कदाचित एका मेंदूविकाराचे चिन्ह उमटले आहे. याच सुमारास चेहऱ्याचे स्नायूही संथ होतात, पापण्या कमी लवतात, हसू ओठांपर्यंत उशिरा पोहोचते आणि माणूस रागावलेला, उदास किंवा तुटक वाटू लागतो. आवाज हळू आणि एकसुरी होतो, त्याला स्वतःला मात्र तो नेहमीसारखाच वाटत असतो. त्यामुळे घरचे ‘मोठ्याने बोला’ म्हणतात आणि तो घरच्यांना ऐकू कमी येते असे समजतो. या गैरसमजातून घरात किती कटुता साचते याची कोणत्याही तपासणीत नोंद होत नाही. खरी उदासीही या आजाराचाच भाग असते आणि कित्येकदा हालचालींतील बिघाडाआधी येते, म्हणून ‘आजारामुळे खचला’ एवढेच स्पष्टीकरण अपुरे ठरते. मराठी वाचकांना या आजाराची ओळख झाली ती पु. ल. देशपांडे यांच्या अखेरच्या वर्षांमुळे. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा पार्किन्सन्सने त्यांना बराच काळ ग्रासलेले होते, आणि ज्या आवाजाने व चेहऱ्याने एकट्याने रंगमंच भरून काढला होता त्याच दोन गोष्टींवर हा आजार हात ठेवतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले.

कंपाविषयीही नेमके बोलणे आवश्यक आहे, कारण हात कापणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन्स नसतो. किंबहुना हात कापण्याचे त्याहून अधिक आढळणारे कारण वेगळेच असते. पार्किन्सन्सचा कंप विश्रांतीतला असतो: हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, जणू गोळी वळत असल्याप्रमाणे, सेकंदाला सुमारे चार ते सहा वेळा हलतात, वस्तू उचलायला हात पुढे केला की कंप थांबतो किंवा कमी होतो, चालताना किंवा मनातल्या मनात हिशेब करताना वाढतो, आणि झोपेत नाहीसा होतो. दुसऱ्या प्रकारचा कंप, ज्याला वैद्यकात ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात, तो याच्या उलट वागतो: स्वस्थ हात स्थिर असतो, पण चहाचा कप ओठांशी नेताना, चमच्याने ताक पिताना, लिहिताना तो थरथरतो, बहुधा दोन्ही हातांत असतो, मान आणि आवाजही कापतो, आणि वडील किंवा आत्या यांनाही तसाच असल्याचे घरातले सांगतात. बशीतला चहा सांडतो की मांडीवरचे वर्तमानपत्र फडफडते, या एका फरकावरून पुष्कळदा दिशा ठरते. थायरॉइडचे विकार आणि दम्याची काही औषधे यांनीही हात कापतो. आणि वयाच्या चाळिशीआत असा त्रास सुरू झाला तर शरीरात तांबे साचण्याचा विल्सनचा आजार आधी वगळावा लागतो, कारण त्यावर उपचार आहेत आणि उशीर घातक ठरतो.

निदानाच्या वाटेवरील सर्वांत टाळता येण्याजोगी चूक औषधांशी संबंधित आहे, आणि लहान गावांच्या संदर्भात तिच्याविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे. डोपामीनचे काम अडवणारी औषधे हुबेहूब पार्किन्सन्ससारखा मंदपणा, ताठरता आणि कंप निर्माण करतात. मानसिक आजारांवरील हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांविषयी हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येण्यावर महिनोन्‌महिने चालू राहणारी सिनॅरिझिन आणि फ्लुनॅरिझिन, आणि विशेषतः आम्लपित्ताच्या रोजच्या कॅप्सूलमध्ये दुसऱ्या औषधाच्या जोडीने दडलेले लेव्होसल्पिराइड हेही त्याच कुळातले आहेत, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. ज्येष्ठ माणसाला चक्कर आणि पित्त दोन्ही असतात. एकदा लिहून मिळालेली चिठ्ठी औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे चालवली जाते. आणि हळूहळू त्याची चाल बदलते, तेव्हा त्या बदलावर आणखी एक औषध सुरू होते. औषधाने येणाऱ्या अशा त्रासात दोन्ही बाजू बहुधा सारख्या बाधित असतात, आणि दोषी औषध वैद्याच्या सल्ल्याने थांबवल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पुष्कळ रुग्ण सुधारतात. ज्यांच्यात सुधारणा होत नाही, त्यांच्यात मुळात आजार सुप्त होता आणि औषधाने तो उघडा केला, असे समजतात. याखेरीज मेंदूतील लहान रक्तवाहिन्या बंद पडल्याने येणारा, मुख्यतः पायांना धरणारा मंदपणा, आणि मेंदूतील पाणी साचल्याने चाल, लघवी व स्मरण तिन्ही बिघडवणारा विकार, हेही वेगळे काढावे लागतात.

या सगळ्यासाठी तज्ज्ञ प्रामुख्याने डोळे आणि हात वापरतो. तर्जनी अंगठ्यावर मोठी उघडझाप करत दहा-पंधरा वेळा आपटायला सांगितली की उघडझाप लहान होत जाते. मनगट सैल सोडून हलवले तर दातेरी चाक फिरल्यासारखा खटक-खटक अडथळा लागतो. रुग्णाला चालवून, वळवून, मागून हलका झटका देऊन तोल पाहिला जातो. मंदपणा आणि त्याच्या जोडीला विश्रांतीतला कंप किंवा ताठरता, यांवर निदान उभे राहते. सीटी स्कॅन किंवा एमआरआय पार्किन्सन्समध्ये बहुधा सर्वसाधारण येतो. तो इतर कारणे वगळण्यासाठी काढतात. ‘स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ असे म्हणून इंदूरहून परतलेले कुटुंब पुढची दोन वर्षे निर्धास्त राहते, ही या बाबतीतली दुसरी मोठी चूक होय.

आजाराच्या वाटचालीचे पाच टप्पे मार्गारेट होन आणि मेल्व्हिन यार या न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी १९६७ मध्ये मांडले आणि ते आजही वापरले जातात: पहिल्यात एकच बाजू बाधित, दुसऱ्यात दोन्ही बाजू पण तोल शाबूत, तिसऱ्यात तोल ढळू लागलेला तरी माणूस स्वावलंबी, चौथ्यात उभे राहता व चालता येते पण रोजच्या कामांत मदत लागते, आणि पाचव्यात आधाराशिवाय खुर्ची किंवा अंथरूण सुटत नाही. हे टप्पे वाचून रुग्ण घाबरतात, म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, ही मांडणी प्रभावी औषध सर्रास उपलब्ध होण्यापूर्वीच्या रुग्णांवर बेतलेली आहे. दोन, प्रत्येक जण पाचव्या टप्प्याला पोहोचतोच असे नाही, आणि वेग माणसागणिक फार वेगळा असतो. कंपप्रधान आजार बहुधा सावकाश पुढे सरकतो, तर सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच वारंवार पडणे, विस्मरण किंवा उभे राहताच रक्तदाब कोसळणे आढळले तर तो पार्किन्सन्स नसून त्याच्यासारखा दिसणारा अधिक वेगवान विकार असण्याची शक्यता वाढते.

प्रभावी औषध म्हणजे लेव्होडोपा, आणि त्याच्या कथेत भारताचा एक दुवा आहे. मराठीत जिला खाजकुइली म्हणतात आणि संस्कृत ग्रंथ जिला कपिकच्छू म्हणतात, त्या कुंपणावरच्या वेलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रासमधील दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते वेगळे काढून दाखवले. त्याचा पार्किन्सन्सशी संबंध मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन याने डोपामीन संपलेल्या, निश्चल सशांना लेव्होडोपा देऊन पुन्हा हालते केले, १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच याने रुग्णांच्या मेंदूत डोपामीन घटल्याचे सिद्ध केले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास याने वाढत्या मात्रेत ते देऊन रुग्णांना चालते केले. कार्लसनला २००० साली नोबेल मिळाले. डोपामीन थेट दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्याचे पूर्वरूप शिरते, म्हणून लेव्होडोपा. आणि ते वाटेतच डोपामीनमध्ये बदलून मळमळ करू नये म्हणून गोळीत कार्बिडोपा मिसळतात. खाजकुइलीचे चूर्ण बाजारात मिळते, परंतु त्यातले प्रमाण बीगणिक आणि पुडीगणिक बदलते; गोळ्या चालू असताना ते न सांगता घेणे म्हणजे अज्ञात मात्रेची दुसरी गोळी घेणे होय.

पहिली काही वर्षे गोळी दिवसभर पुरते. पुढे मेंदूची साठवणक्षमता घटली की गोळीचा असर दोन मात्रांमध्ये ओसरू लागतो, तासाभरापूर्वी अंगणात फिरणारा माणूस खुर्चीत खिळतो, आणि पुन्हा गोळी घेतल्यावर काही वेळाने उठतो. घरातल्यांना हे सोंग वाटते, पण ते सोंग नसते. काहींत गोळी चढलेली असताना मान, खांदे, हात यांची नागमोडी वळवळ होते, ती औषधाच्या असराची असते, आजाराच्या कंपाची नव्हे, आणि तिच्यावरचा उपाय नेमका उलट असतो. जेवणातील प्रथिने गोळीच्या आड येतात, कारण आतड्यातून आणि रक्तातून मेंदूत जाण्याची दोघांची वाट एकच आहे. म्हणून माळव्यातल्या दाल-बाफल्यांच्या किंवा आमटी-दह्याच्या जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तर तीच मात्रा अधिक उपयोगी पडते. लोहाच्या गोळ्याही तिच्याबरोबर घेऊ नयेत. आणि हे औषध कोणत्याही कारणाने, उपवास म्हणून, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री किंवा कंटाळून, अचानक पूर्ण बंद करू नये. तसे केल्यास तीव्र ताठरता आणि ताप येऊन जिवावर बेतू शकते.

पुढच्या टप्प्यांतले एक लक्षण पाहणाऱ्याला चक्रावून टाकते. दाराच्या चौकटीत, वळताना किंवा गर्दीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे खिळतात, आणि ओढून पुढे नेल्यास माणूस पडतो. पण त्याच माणसासमोर फरशीवर आडवी पट्टी असली, खडूची रेघ असली किंवा कोणी ‘एक-दोन’ असा ठेका धरला तर तो पट्टी ओलांडून सहज निघतो. चालणे जवळजवळ अशक्य झालेला एक रुग्ण सायकल मात्र व्यवस्थित चालवतो, हे डच डॉक्टरांनी २०१० मध्ये चित्रफितीसह नोंदवले आहे. आपोआप चालण्याचा मार्ग बंद पडला तरी डोळ्यांनी आणि ठेक्याने चालण्याचा मार्ग उघडा राहतो, म्हणून घरात ओढण्याऐवजी रेघ आणि ताल वापरावा. तोल, गिळणे, लघवी, भास आणि विस्मरण हे उत्तरकाळातले प्रश्न गोळीने फारसे सुटत नाहीत. त्यांपैकी ठसका लागून अन्न श्वसनमार्गात जाणे आणि त्यातून होणारा न्यूमोनिया सर्वांत धोकादायक असतो. निवडक रुग्णांत मेंदूत विद्युत्‌तारा बसवण्याची शस्त्रक्रिया मोठा दिलासा देते, मात्र ज्याला गोळीचाही उपयोग होत नाही त्याला तिचा सहसा होत नाही.

आजार का होतो याचे एकच उत्तर नाही. वय हे सर्वांत मोठे कारण आहे. साठीनंतर सुमारे शंभरात एकाला तो होतो, आणि पुरुषांना अधिक. मुंबईतील वसाहतींत राहणाऱ्या पारशी समाजाच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले होते. त्या समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण ध्यानात घेऊनच तो आकडा वाचावा लागतो. सोयाबीन, गहू, बटाटा आणि लसूण पिकवणाऱ्या सांवेर परिसराला दुसरे एक कारण अधिक जवळचे आहे: पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि काही कीटकनाशकांचा दीर्घ संपर्क आणि पार्किन्सन्स यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ पासून वापरता येत नाही, भारतात अद्याप येते. प्रत्येक फवारणी करणाऱ्याला आजार होईल असे नव्हे, पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाशी उभे राहून, गळक्या पंपाने फवारण्याला कोणतेही समर्थन नाही.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द केवळ दिलाशाचे नाहीत; निदानाच्या कामातही शुभंकराचे स्थान तज्ज्ञाच्या बरोबरीचे आहे, कारण न हलणारा हात, रात्रीची ओरड आणि बारीक होत गेलेली सही त्यानेच पाहिलेली असते. सांवेरहून इंदूरला महाराजा यशवंतराव रुग्णालयात किंवा अन्यत्र मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणाऱ्याने स्कॅनच्या जाड पाकिटापेक्षा पुढील गोष्टी आठवणीने न्याव्यात: पाच वर्षांपूर्वीचा एखादा हस्ताक्षरातील कागद आणि आजचा कागद, अंगणात दहा पावले चालून वळतानाची आणि मांडीवर हात ठेवून बसल्याची मोबाइलवरील चित्रफीत, आणि घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, त्यांत पित्ताची, चकरेची आणि झोपेचीही. त्यांच्याबरोबर रात्री शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने स्वतः यावे, आणि विचारले नाही तरी रात्रीचे सांगावे.